लाईट आली की करू

वीज दीर्घकाळ गेली तर समाजाचं काय होईल, असा विषय निघाला की आपल्याकडे एकजण तरी छाती पुढे काढतो. "आम्हाला काय सांगता? आम्ही बारा-बारा तासांचं भारनियमन काढलंय!" म्हणणं खोटं नाही. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने खरोखरच अर्धा दिवस विजेविना काढला. थकबाकी आणि गळती पाहून गावांचे गट पाडले गेले, वेळापत्रकं वर्तमानपत्रांत छापून आली आणि लग्नाच्या मुहूर्ताहून ती जास्त काटेकोरपणे पाळली गेली. त्या जोरावर आपला असा समज झालेला दिसतो की अंधार पडला तर अमेरिका-युरोपातली माणसं हाय खातील, आपण मात्र ओट्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत पुढच्या निवडणुकीचे अंदाज बांधू. मला हे मुळीच पटत नाही. भारनियमनाने आपल्याला विजेवाचून जगायला शिकवलेलं नाही. वीज येईपर्यंत थांबायला शिकवलंय. या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरीत पहिल्या वर्गात पास झालेला माणूस पहिलीच्या परीक्षेला बसला तर त्याची दांडी उडणार हे नक्की.

त्या काळात आपण नेमकं काय शिकलो ते आठवून पाहा. चारला लाईट जाणार म्हणून दळण तीनला टाकायचं, मिक्सरमधली चटणी आंघोळीआधी वाटून घ्यायची, टाकी काठोकाठ भरून ठेवायची, मोबाइल शंभर टक्के करून ठेवायचा. रात्री दोनला लाईट येणार म्हणून शेतकऱ्याने बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जायचं. कुठल्याही कामाबद्दल विचारलं तर उत्तर एकच असे: लाईट आली की करू. हळूहळू ज्या कामांचा विजेशी काडीचा संबंध नव्हता तीही या उत्तरात सामील झाली. पोरांचा अभ्यास, तलाठ्याची सही, भावाभावांतली वाटणी, सगळंच. यात विजेशिवाय केलेलं काम एकही नाही. होतं ते फक्त विजेच्या कामाचं पुढे-मागे सरकवणं. इन्व्हर्टर हे या विद्येचं सर्वांत महाग यंत्र. बैठकीच्या खोलीत कोपरा अडवून बसलेली दीडशे एएचची बॅटरी म्हणजे जेमतेम पावणेदोन युनिट वीज. दोन पंखे, तीन दिवे आणि कुणी न विचारता चालू ठेवलेला टीव्ही, इतक्यावर ती सहा-सात तासांत मान टाकते. मग तिला पुन्हा भरायला काय लागतं? वीज. ज्या घरात इन्व्हर्टर आहे त्या घरातली माणसं पहिल्या दिवशी शेजाऱ्यांकडे जरा दयेने पाहतील. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं सारखीच घामाघूम असतील, फक्त एकाने पंचवीस हजार रुपये जास्त खर्च केलेले असतील.

थोड्या वेळाच्या अंधाराने माणसाची पारख होत नाही, उलट दिशाभूल होते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि त्यानंतर सोशल मीडियावर विनोदांचा पूर आला. पूर येण्यासाठी लागणारी वीज फोनच्या बॅटरीत शिल्लक होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भरदुपारी बंद पडले. लोकांनी ट्रान्झिस्टर शोधले, रस्त्यावर खुर्च्या टाकल्या, फ्रीजमधली बिअर गरम होण्याआधी संपवण्याचं कर्तव्य पार पाडलं, आणि मग माणुसकीचा कसा साक्षात्कार झाला यावर लेख आले. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वीज परतली होती. माणुसकी गरम बिअरवर किती दिवस टिकते याची चाचणी व्हायची राहून गेली. २०१२ च्या जुलैत ३० आणि ३१ तारखेला उत्तर आणि पूर्व भारताचं ग्रिड कोसळलं तेव्हा सुमारे ६२ कोटी लोक अंधारात गेल्याचं जगभर छापून आलं. पण आदल्याच वर्षीच्या जनगणनेनुसार देशातल्या ३१ टक्के घरांत दिवा रॉकेलचाच होता. म्हणजे त्या ६२ कोटींतले कितीतरी लोक जगातल्या सर्वांत मोठ्या वीजसंकटात सापडले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे कंदिलाची काच पुसली आणि वात वर केली. विजेविना जगण्याची खरी विद्या जर कुठे होती तर ती त्या घरांत होती. मधल्या वर्षांत आपण त्यांच्याकडेही मीटर बसवून त्यांना आपल्या पंगतीत आणून बसवलं. हे योग्यच झालं. फक्त आता शिकवायला मास्तर उरला नाही.

"पण इतके दिवस वीज जाईलच कशी?" असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. एखादी तार तुटणं ही दुपारची गोष्ट, पण उच्चदाबाचे मोठे ट्रान्सफॉर्मर एकाच वेळी बरेचसे जळाले तर काम कठीण. ते शे-दोनशे टनांचे असतात, मागणीबरहुकूम बनतात आणि हातात पडायला वर्षाहून अधिक लागतं. ते जाळू शकणाऱ्या गोष्टींत सूर्यावरची वादळंही येतात. १८५९ च्या सप्टेंबरात असं एक वादळ आलं तेव्हा अमेरिकेतल्या काही तारखात्यांच्या लोकांनी बॅटऱ्या काढून ठेवून नुसत्या त्या वादळाच्या प्रवाहावर संदेश पाठवले. त्या वादळाची एक मोलाची नोंद आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. तिथल्या चुंबकसूचीने घेतलेली बुडी शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म मापनं बिघडणार म्हणून चुंबकीय वेध घेण्याचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. विजेला कुठून धोका आहे हे सांगणाऱ्या यंत्रालाच विजेने गावाबाहेर काढलं, याचं मला तरी फार कौतुक वाटतं. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्याला या वादळांचा धोका कॅनडा-स्वीडनपेक्षा कमी आहे. पण चक्रीवादळं आहेत, पूर आहेत, आणि या सगळ्यांची वाट न पाहता स्वतःहून जळणाऱ्या डीप्या आहेत.

वीज खरोखरच लांबल्याची उदाहरणं थोडी, पण बोलकी आहेत. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराच्या व्यापारी भागाला वीज देणाऱ्या चार मोठ्या केबली एकामागून एक गेल्या आणि भर शहर पाच आठवडे जवळजवळ बंद राहिलं. तिथले लोक कसे तगले? बहुतेक सगळे उपनगरांत जाऊन काम करू लागले, जिथे वीज होती. कोकणात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंत खांब आडवे केले, आणि कित्येक गावांत आठवड्यांवर आठवडे दिवा लागला नाही. तिथे पाणी चढलं ते जनरेटरवर; जनरेटरचं डिझेल आलं ते वीज असलेल्या पंपावरून, आणि पंपावर आलं ते वीज असलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून. प्वेर्तो रिकोत २०१७ च्या मारिया वादळानंतर शेवटच्या घरापर्यंत वीज पोहोचायला जवळजवळ अकरा महिने लागले. मुख्य भूमीवरून बोटी भरभरून जनरेटर आले, हजारो लोक फ्लोरिडातल्या नातलगांकडे गेले, आणि तरीही वादळानंतरच्या महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे ३,००० माणसं जास्त मेली, त्यांत म्हातारी फार. इथे विनोद करायला मला जागा दिसत नाही. या सगळ्या उदाहरणांत तगून राहण्याची रीत मात्र एकच आहे: शेजारच्याची वीज उसनी घेणे. शेजारचाही अंधारात असेल तर काय करतात, याचं आधुनिक जगाच्या दप्तरात एकही उदाहरण नाही.

आता सर्वांत लाडका आक्षेप. "आपले आजोबा-पणजोबा राहिलेच ना विजेवाचून?" राहिले, आणि छान राहिले. १९४७ साली या देशात माणशी वर्षाला १६ युनिटच्या आसपास वीज वापरली जात होती, आज १,३०० च्या वर जाते. पण आजोबा विजेवाचून राहत होते म्हणजे काहीच नसताना राहत होते असं नव्हे. त्यांच्याकडे वीज नव्हती. जातं होतं, जात्याला टाकी लावून देणारी माणसं दारावरून जात होती, आणि पहाटे उठून पाच माणसांचं दीड-दोन किलो पीठ काढणारी आजी होती. या व्यवस्थेची आठवण काढणारे बहुधा आजोबांचे नातू असतात, आजीची नात सहसा हा आक्षेप घेत नाही. आज ते जातं बऱ्याच घरांत पालथं पडून तुळशीच्या कुंडीला आधार देतंय किंवा हुरडा पार्टीच्या रिसॉर्टवर फोटो काढून घेण्याच्या नोकरीला लागलंय. गावात कुणी ते उचलून आणलंच, तर त्याला टाकी लावायला माणूस मिळणार नाही, आणि टाकी न लावलेल्या जात्यातून पीठ पडत नाही, भरड पडते. तेच विहिरीचं. आजोबांच्या विहिरीला पाणी तीस-चाळीस फुटांवर होतं, बैलजोडी होती, चामड्याची मोट होती, आणि ती शिवणारा माणूस गावातच होता. आजचं पाणी तीनशे-चारशे फुटांखाली, सहा इंची बोअरमध्ये आहे. त्या भोकात मोट जात नाही, बादली जात नाही, तांब्याही जात नाही. जाते ती फक्त मोटार, आणि तीसुद्धा अधूनमधून आत अडकून बसते. हातपंप पन्नास-एक मीटरपर्यंत पाणी ओढतो, म्हणून जिथे तो शाबूत आहे आणि पाणी तितकं वर आहे ती गावं भाग्यवान. पण कितीतरी ठिकाणी आपण त्याच बोअरमध्ये मोटार सोडली आणि पंपाचा दांडा भंगारात दिला. आजोबांच्या काळात परत जाण्याचा रस्ता आपण मागे वळून न पाहता खणत आलोय.

शहरांचं पाहिलं तर पाण्याच्या बाबतीत एक गंमत दिसते. जितकं जुनं काम, तितकं ते विजेवाचून चालतं. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगरातून नहर आणली. ती केवळ उतारावर वाहत होती, आणि याच युक्तीच्या पाण्यावर पुढे पाणचक्कीत पीठही दळलं जाई. आज त्याच शहराचं पाणी खालच्या अंगाला पैठणहून पंप लावून वर ढकलावं लागतं आणि तरी ते वर्षानुवर्षं काही दिवसांआड येतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांत आणलं ते उताराच्या हिशेबावर. मुंबईला तानसाचं पाणी १८९२ पासून स्वतःच्या वजनाने येतंय. भातसाचं मात्र पिसे इथे उपसावं लागतं, आणि तिथली वीज दोन तास गेली तरी मुंबईत दुसऱ्या दिवशी पाणीकपातीची बातमी असते. धरून चालू की निम्मं-अर्धं पाणी ओघाने सोसायटीच्या गेटपर्यंत पोहोचलं. आपला खरा प्रश्न गेटपासून पुढे सुरू होतो. सरकारी मापाने शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं. चौघांच्या घराला ५४० लिटर झालं, म्हणजे वीस लिटरच्या सत्तावीस बादल्या. विसाव्या मजल्यावर. जिन्याने. पहिल्या आठवड्यातच या कुटुंबाला कळेल की चौघांचं भागायला तीन बादल्या पुरतात, आणि आंघोळ ही संस्कृती नसून सवय आहे.

या टप्प्यावर समाजाची उतरंड मुळापासून हलेल. आजवर तळमजल्याचा फ्लॅट म्हणजे डास, धूळ आणि समोर लावलेल्या गाड्या. बिल्डर दर मजल्यामागे जास्त पैसे घेऊन माणसाला जमिनीपासून दूर नेत होता. आता तळमजलेवाला राजा. सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत, जिचा कोरम इतिहासात पहिल्यांदाच पूर्ण भरलेला असेल, पहिला ठराव येईल तो मेंटेनन्स थकवणाऱ्यांना टाकीतलं पाणी द्यायचं की नाही यावर. दुसरा ठराव, वॉचमनने कुणाच्या बादल्या आधी वर न्यायच्या. वॉचमन दोन्ही ठराव ऐकून घेईल आणि गावी निघून जाईल. अंधार पडला की माणसं एकमेकांना लुटतील, अशी भीती इंग्रजी सिनेमांनी घातली आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७७ च्या एका रात्रीत तशी लुटालूट झाली, तीन हजारांवर लोकांना अटक झाली. पण त्याच शहरात १९६५ आणि २००३ च्या अंधारात फारसं काही घडलं नाही, तेव्हा दोष निव्वळ अंधाराला देता येत नाही. आपल्याकडे लुटालुटीआधी समिती नेमली जाईल, आणि अध्यक्ष कोण यावर इतके दिवस जातील की लुटायला काही उरणार नाही. जाता जाता, त्या १९६५ च्या अंधारानंतर नऊ महिन्यांनी न्यूयॉर्कची प्रसूतिगृहं भरून गेली, ही कथा भारनियमनाच्या दिवसांत आपल्याकडेही चवीने सांगितली जाई. १९७० मध्ये उड्री नावाच्या अभ्यासकाने जन्मनोंदी तपासल्या. वाढ काहीही नव्हती. अंधारात माणसं बहुधा तेच करत होती जे आपण करतो: लाईट कधी येणार यावर बोलत होती.

"आता सोलर आहे की!" हा नव्या पिढीचा आक्षेप. यातलं निम्मं खरं आहे, आणि खोटं निम्मं शहराच्या वाट्याला आलंय. बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या गच्चीवरची बहुतेक पॅनेलं ग्रिडला जोडलेली असतात, आणि ग्रिडची वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तारेवर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीतून झटका बसू नये, म्हणून हा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. पण परिणाम असा की मे महिन्याच्या भरदुपारी, डोक्यावर सूर्य आणि गच्चीवर लाखभर रुपयांची पॅनेलं असताना, खाली माणूस पुठ्ठ्याने वारा घेत बसतो. बॅटरीवाली व्यवस्था त्याला परवडत होती, पण बिल शून्यावर येतंय म्हटल्यावर त्याने तिचा हट्ट धरला नाही. याउलट शेतातला सौर पंप ग्रिडला ओळखतही नाही. सूर्य उगवला की पाणी, मावळला की बंद. इतकी वर्षं दिवसा वीज द्या म्हणून मोर्चे काढणारा शेतकरी, "मागेल त्याला सौर कृषी पंप" मागून मोकळा झालेला, हाच नव्या व्यवस्थेतला धनको. त्याच्या बोअरवर सकाळी दहाला रांग लागेल, तीत माजी सरपंच असेल, साखर कारखान्याचा संचालक असेल आणि पुण्याहून आलेला मेहुणाही. मी माझ्या विधानाला एवढाच अपवाद मानतो: ज्याचं यंत्र कुणाची वाट पाहत नाही, तो तगेल. तो किती नम्र राहील, याची मात्र खात्री देता येत नाही.

मेहुणा आला कारण "काही झालं तर गावी जाऊ" हा शहरी मराठी माणसाचा शेवटचा हुकमाचा पत्ता. तो २०२० च्या टाळेबंदीत एकदा खेळून झाला, आणि गावांनी वेशीवर काट्या टाकून, काही ठिकाणी रस्ते खणून, पुण्या-मुंबईकरांचं स्वागत केलं. या वेळी तर जायचं कसं हाच सवाल. कोकण रेल्वे कितीतरी वर्षं डिझेलवर धावली. २०२२ मध्ये तिचं विद्युतीकरण पूर्ण झालं, आणि त्या दिवशी पेढे वाटणाऱ्यांत चाकरमानीही होते. समजा चालत, सायकलने, कसाबसा माणूस गावी पोहोचला आणि चुलतभावाला म्हणाला, "माझ्या हिश्श्याच्या शेतात काही पेरू म्हणतो." चुलतभाऊ विचारील, "कुठला हिस्सा?" सातबारा सर्व्हरवर आहे. फेरफार सर्व्हरवर आहे. आठ-अ सर्व्हरवर आहे. तलाठी आण्णा झाडाखाली बसून सांगतील, "लाईट आली की बघू."

सरकार काही करील, ही आशाही त्याच सर्व्हरवर आहे. वीज गेल्याची तक्रार ॲपवरून करायची, अंधारग्रस्तांच्या अनुदानाचा अर्ज महा ई-सेवा केंद्रातून भरायचा, ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येणार, आणि यासंबंधीचा शासन निर्णय संकेतस्थळावर पाहावा. व्यापाराची गाडी मात्र माझ्या मते सरकारआधी रुळावर येईल. क्यूआर कोडचा तो पुठ्ठा माशा हाकलायला ठेवून वाणी लाल वही काढेल. वहीत कुणाचं नाव लिहायचं हे त्याला त्या ॲपपेक्षा आधीपासून ठाऊक होतं. ज्याला पाच वर्षांत त्याने नावानिशी ओळखलं नाही, त्या बहुमजलीतल्या माणसाचं उधारीचं पान उघडणार नाही, मग त्याच्या खात्यात सर्व्हरवर कितीही आकडे असोत. दूध चिलिंग सेंटरला न जाता नासेल, म्हणून जिथे भट्ट्या आहेत तिथे त्याचा खवा होईल. भूमकडच्या लोकांना हे नव्याने शिकवावं लागणार नाही. द्राक्षं शीतगृहात सडतील. बर्फाचे कारखाने बंद म्हणजे मासे बंदरापासून दोन कोसांच्या आतच खावे लागतील. आणि कांदा? नाशिकच्या चाळीतला कांदा वाऱ्यावर टिकतो, त्याला वीज लागत नाही. ग्रिड नसलेल्या महाराष्ट्रात एकच संस्था पूर्वीसारखी चालू राहील ती म्हणजे कांदाचाळ, आणि कांद्याच्या भावावरून सरकार पडण्याची सोयही शाबूत राहील.

समजा सहा महिन्यांनी हे संपायची वेळ आली, नवे ट्रान्सफॉर्मर आले. तरी बटण दाबून वीज परत येत नाही. औष्णिक केंद्राला वीज बनवायला आधी वीज लागते. कोळसा दळायच्या चक्क्या, मोठाले पंखे आणि पाण्याचे पंप त्याच्या उत्पादनातले सात-आठ टक्के स्वतःच खातात. चंद्रपूरला जागं करायला आधी कुठल्या तरी जलविद्युत केंद्राला पाण्याचे दरवाजे उघडून स्वतःच्या पायावर उभं राहावं लागणार. मग एकेक केंद्र, एकेक गाव जोडत जायचं, आणि प्रत्येक क्षणी जेवढी वीज बनतेय तेवढीच वापरली गेली पाहिजे. जास्त वापरली तरी कोसळणार, कमी वापरली तरी. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद ठेवण्याचं ठरलं तेव्हा देशाची मागणी तीस हजारांवर मेगावॅटनी घसरली, जलविद्युत केंद्रांनी ती झेलली, आणि आधीच महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांना "सगळे दिवे एकदम बंद करू नका" म्हणून आवाहन करावं लागलं होतं. आता उलटं आवाहन करायचं: सगळे एकदम चालू करू नका. हे ऐकणार कोण? सहा महिने वाट पाहिलेला माणूस घरातलं प्रत्येक बटण चालू ठेवून बसलेला असतो, न जाणो वीज आली आणि आपल्याला कळलंच नाही तर. त्यावर ज्याला सौर पंप मिळाला नाही त्या शेतकऱ्याच्या बोअरवर ऑटो स्विच आहे. रात्री दोनला उठायला नको म्हणून बसवलेला. वीज येताच मोटार आपली आपण सुरू होते. हे स्विच काढा म्हणून वीज कंपनी वर्षानुवर्षं विनवते आहे. तेव्हा वीज गावात येईल, आणि त्याच सेकंदाला शिवारातल्या साठ मोटारी एकाच दमात उठतील. डीपीतून आधी घूं असा आवाज, मग धूर. वायरमन फोनवर सांगेल की वरून सप्लाय आहे, तुमचीच डीपी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर वर्गणीची वही फिरेल, ट्रॅक्टर कुणाचा न्यायचा आणि डिझेल कुणी घालायचं यावर वाद होईल, थकबाकीदारांनी आधी पैसे भरावेत असं कुणीतरी म्हणेल, आणि जळालेली डीपी ट्रॉलीत चढवायला आठ माणसं लागतात तिथे गोळा झालेल्या चाळिसांपैकी छत्तीस जण बाजूला उभे राहून कसं उचलायचं ते सांगतील.